हेमांगीची अक्कलदाढ

अक्कलदाढ आली म्हणून अक्कल येतेच असं नाही. हेमांगीची तर ती दाढ ठणकायला लागल्यापासून होती तीही अक्कल पळाली होती! नाहीतर नायगावची ही पोरगी फुलपाड्यातल्या अनोळखी दवाखान्यात, खुर्चीवर आडवी पडून, इतकं धडधडीत खोटं बोलली असती?

“रक्त आलं तर लवकर थांबतं ना?” डॉक्टर सिद्धेशने विचारलं.

“हो… लगेच!”

थांबत नव्हतं. जन्मापासूनच. रक्ताचा असला आजार क्वचितच कुणाला असतो, आणि त्याचं नाव ऐकताच दातांच्या आधीच्या दोन डॉक्टरांनी हात जोडले होते. म्हणून यावेळी तिने गप्प बसायचं ठरवलं होतं. पण समोरचे मास्कवरचे डोळे… देवा, कसले मिश्कील होते!

“मनगटावर हे काळंनिळं काय?”

“बांगडी लागली.”

“बांगडी होती की बेडी?”

ती हसली, आणि हसता हसता सगळं बोलून गेली. सिद्धेशने हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं. झालं! हेमांगीने पर्स उचलली.

“कुठे निघालात? दाढ आज काढणार नाही. पण काढणार मीच.”

त्याने तिथूनच तिच्या रक्ताच्या डॉक्टरांना फोन लावला. मग तपासण्या झाल्या, आधी द्यायचं औषध ठरलं, मोठ्या हॉस्पिटलात तारीख मिळाली. मधल्या दिवसांत त्याचे फोन यायचे… “मनाने पेनकिलर घेऊ नका हं” पासून सुरू होऊन “जेवलात का?” वर रेंगाळणारे.

आणि दाढ निघाली! रक्त थांबलं! हेमांगीला उठून नाचावंसं वाटत होतं. पण तोंडात घट्ट चावलेला कापसाचा बोळा, आणि बोलायला बंदी.

सिद्धेशने घसा खाकरला. “यापुढे मी तुमचा डॉक्टर नाही. टाके इथल्याच डॉक्टर फ्लॉसी बघतील.”

हाही? तिसरा? डोळे भरून आले, आणि त्या बोळ्यामुळे धड भांडताही येईना.

“अहो, रडू नका!” तो गडबडला. “डॉक्टर राहून… आइस्क्रीम खायला चला, असं कसं विचारू? बरं दिसतं का ते?”

हेमांगी कानापर्यंत लाल झाली. मग मोबाइलवर टाइप करून तिने त्याच्यासमोर धरलं – ‘हा आजार माझ्या आईकडून आलाय. पुढे मुलांनाही होऊ शकतो. नीट विचार करा.’

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

“माझ्या आईकडून मला बडबड आलीये,” तो म्हणाला. “त्यावर तर औषधही नाही. विचार तुम्हीच करा.”

हेमांगीचे खांदे गदागदा हलायला लागले.

“हसू नका! टाके!” तो ओरडला.

तिने जोरात मान हलवली. ती मान आइस्क्रीमच्या होकाराची आहे, हे कळायला मात्र त्या शहाण्याला चांगलं अर्धं मिनिट लागलं.