वाढव म्हणजे बंद

मिरजेतल्या घरांना आता बटणं नव्हती. नव्या घरांच्या भिंती कोऱ्या असत आणि जुन्या घरांत बटणांच्या जागी पुट्टी भरून बुजवलेले चौकोन दिसत. लोकांना कारण पटलं होतं. विजेचा धक्का बसतो तो बहुतेक वेळा ओला हात बटणाला लागतो म्हणून, नाहीतर बोर्ड सैल झालेला असतो म्हणून. मग हातच तिथून काढून घेतला तर? त्यातून ऐकपेटी आली. ती दाराशेजारी बसे, घरातल्यांचं बोलणं ऐके आणि प्रत्येक तारेतला विजेचा दाब त्याप्रमाणे कमी-जास्त करी. ‘पंखा लाव’, ‘दिवा मंद कर’, ‘सगळं बंद’. मेन स्विचही गेला. घाबरलेल्या माणसाला मेन स्विचपर्यंत धावावं लागतं, आवाज मात्र आहे तिथून पोचतो, असं जाहिरातीत सांगत.

ऐकपेटीला मराठी शिकवणाऱ्यांत डॉ. अन्वय देवस्थळी मुख्य होता. म्हणूनच कंपनीने त्याला रूपालीबाई थोरवडे यांच्याकडे पाठवलं. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा ओजस स्वयंपाकघरातला दिवा दुरुस्त करताना तारांना चिकटून गेला होता. पेटीने वीज तोडायच्या ऐवजी ऐन त्या क्षणी दाब चढवला होता. का, ते कुणालाच कळत नव्हतं; पेटी ऐकलेलं साठवून ठेवत नसे.

“या,” रूपालीबाईंनी दार उघडलं. “तुमच्याआधी दोघं येऊन गेले. एकाने पेटी पुसली, दुसऱ्याने माझं सांत्वन केलं. तुम्ही काय करणार?”

“ऐकणार, काकू.”

“ऐकत तर तीही होती.”

अन्वय त्यांच्यामागोमाग स्वयंपाकघरात आला. त्यांनी चहा विचारला नाही आणि त्यानेही त्याची वाट पाहिली नाही.

“मला एवढंच समजावून सांगा,” त्या म्हणाल्या. “धक्का बसला की वीज आपोआप तुटते म्हणत होतात ना?”

“जमिनीकडे वीज गळली तर तुटते. जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांत फरक पडला की पेटीला कळतं, कुठेतरी माणूस आहे. पण ओजस प्लास्टिकच्या स्टुलावर उभा होता. एक तार डाव्या हातात, दुसरी उजव्या. एका हातातून शिरली तेवढीच वीज दुसऱ्यातून परत गेली. फरक शून्य.”

“मग तिला काय वाटलं, तिथे कोण आहे?”

“दिवा. माणसाचं अंग साधारण चाळीस वॅटच्या दिव्याएवढी वीज घेतं.”

“चाळीस वॅट,” रूपालीबाई म्हणाल्या. “आम्ही संडासात लावायचो तो.”

बाहेर कुणीतरी स्कूटर उभी केली.

“दिवा कुठे लुकलुकतो ते बघायला त्याने तो मंद ठेवला होता,” अन्वय सांगू लागला. “तेवढ्या दाबाने हात आखडतात, तार सुटत नाही. पण बहुतेक वेळा माणूस वाचतो. नंतर दाब वाढला. कंपनीचं म्हणणं, ओजसनेच वाढवायला सांगितलं असेल.”

“दातखीळ बसली होती त्याची! तो कसला सांगतोय?”

“तुम्ही कुठे होता?”

“इथेच, भेंडी चिरत. मी त्याला हात लावला नाही हो. चिकटलेल्याला हात लावायचा नाही, आधी वीज तोडायची, एवढं मला कळतं. जागेवरूनच ओरडले.”

“काय ओरडलात?”

“काय ओरडणार? वाढव म्हटलं. वाढव गं, लवकर वाढव!”

अन्वयची मान वर झाली.

“असे काय बघता? आमच्या आजीच्या घरात ‘दिवा विझव’ म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा. अशुभ बोलायचं नाही. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं. तसाच दिवा, विझवायचा नाही, वाढवायचा. एरवी मी पेटीला ‘बंद कर’ म्हणते. ओजस हसायचा ना मला, आई पंचांग बोलते म्हणून. पण त्या वेळी...”

त्या छताकडे, दिव्याच्या रिकाम्या खोबणीकडे बघत राहिल्या. घाबरलेला माणूस शिकलेलं बोलत नाही, अंगात मुरलेलं बोलतो, हे अन्वयला ठाऊक होतं. त्यावर त्याने निबंध वाचला होता, टाळ्या मिळवल्या होत्या.

“तिने ऐकलं, दिवा मंद आहे, वाढव,” रूपालीबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “आणि मी थांबतच नव्हते.”

“काकू, चूक तुमची नाही.”

“मग कुणाची? तिने तर सांगितलं तसं केलं.” त्यांनी डोळे पुसले नाहीत. “शिकवा तिला.”

“काय?”

“माझा शब्द. माझ्यासारख्या असतील अजून. त्यांच्या घरी असं नको.”

“पण हा शब्द लोक उलट्या अर्थाने रोज वापरतात.”

“जीव खाऊन किंचाळत कोण म्हणतं हो, दिवा मोठा कर म्हणून?”

पुण्याला परत जाताना अन्वय वाटभर तेच वाक्य मनात घोळवत राहिला.

कंपनीला ‘वापरातली चूक’ एवढे दोन शब्द पुरले असते. तो अडून बसला. घाबरलेल्या आवाजाची थरथर आणि तुटका श्वास पेटी आधीपासून ओळखत असे; याला ते भयस्वर म्हणत. नवा नियम सोपा होता. भयस्वरात ‘वाढव’ आलं तर त्याचा अर्थ बंद. घरातली सगळी वीज बंद, बॅटरीत साठवलेलीसुद्धा. आणि घाबरलेल्या कुणी घाईत पुन्हा चालू करू नये म्हणून दहा मिनिटं कुलूप. भयस्वर लागला की पेटी आता आवाज टिपूनही ठेवणार होती. अन्वयने घरच्या पेटीसमोर स्वतः किंचाळून पाहिलं. काळोख झाला तेव्हा त्याला बरं वाटलं.

नियम सगळ्या मराठी घरांत गेला. वाईला एका आजीचा नातू वॉशिंग मशीनला चिकटला होता, तो त्या शब्दाने वाचला. बातम्यांत आजीचा हसरा चेहरा दाखवला.

त्याच आठवड्यात इचलकरंजीहून एक ध्वनिफीत अन्वयकडे आली. एका घरात वडील श्वासयंत्रावर होते. त्यांचे ओठ निळे पडताना पाहून मुलगी यंत्राकडे धावली होती आणि घरातल्या कुणाला तरी ओरडून सांगत होती, “ऑक्सिजन वाढव! वाढव ना!” पेटीने भयस्वर ओळखला. अर्थही अचूक लावला. पुढे फितीवर यंत्राचा आवाज नव्हता. ‘चालू कर, चालू कर’ म्हणणारी मुलगी तेवढी होती, कुलूप उघडेपर्यंत.

तो ती ऐकत असतानाच फोन वाजला.

“साहेब, मी मिरजेहून, रूपाली थोरवडे. वाईची बातमी बघितली मी. पोरगं वाचलं म्हणे. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा नीट घास गेला माझ्या घशाखाली.”

“हो, काकू.”

“दुसरीकडे कुठे कामी आला का हो माझा शब्द?”

अन्वयने फीत थांबवली.

“आला,” तो म्हणाला. “इचलकरंजीला.”

“असं? देव त्या घराचं भलं करो.”