बाजेवर बसलेला माणूस

धम्मशीला एरवी इतकी बडबडी की घरचे तिच्यापुढे हात टेकतात. पण तिचं कामच असं, की नट बोलत असेपर्यंत तिनं तोंड शिवून बसायचं. प्रेक्षागृहामागच्या, वरच्या काचेच्या खोलीतून ती मधल्या शांततेत रंगमंचावर काय दिसतं ते माइकवर सांगते आणि ज्यांना दिसत नाही ते प्रेक्षक ते हेडफोनवर ऐकतात. जे दिसेल तेच सांगायचं, मनाचं काही घालायचं नाही, हा या कामाचा नियम.

त्या रविवारी दुपारी नांदुऱ्यात खेळ होता. पडदा उघडण्याआधी अंध प्रेक्षकांना रंगमंचावर नेऊन सगळं सामान हाताळू देतात. त्यांतल्या वयस्कर जनकाबाईंनी बाजेची सुतळी चाचपली आणि तिथेच थबकल्या.

"पोरी, मले सारं आठवते. आमचं वावर आठवते, लगनातलं लुगडं आठवते. फक्त आमच्या बुढ्याचं तोंड पुसून चाल्लं. लय आठवून पाह्यलं, पन येतच नाही."

त्यांचे यजमान इंद्रभान गेले, आणि मग काचबिंदूनं त्यांची नजरही गेली. या बाईला आपण काय दाखवणार, असं धम्मशीलाला वाटून गेलं.

खेळ रंगला. दुसऱ्या अंकात नाटकातली सून दिवा ठेवून आत जाते आणि रंगमंच काही वेळ रिकामा राहतो. धम्मशीलानं माइक जवळ घेतला.

"अंगणात संधिप्रकाश. डावीकडून एक म्हातारा येतो... बाजेवर बसतो..."

शेजारी ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या बिलकिसनं तिचं मनगट धरलं.

"कोन म्हातारा, बाई? बाज तं रिकामी हाय..."

धम्मशीलाला मात्र तो स्पष्ट दिसत होता. म्हातारा उठला आणि सावकाश रंगमंचाच्या पुढच्या कडेशी चालत आला. ती गप्प होती, तरीही खाली हेडफोन लावलेली सगळी डोकी त्याच्याबरोबर हळूहळू वळत होते. बंद खोलीत कुठून तरी विडीचा वास आला.

मग जनकाबाईंचा हात वर गेला. आवाज येत नसेल तर हात वर करायचा, असं त्यांना शिकवलं होतं.

पळून जावं असं धम्मशीलाला फार वाटलं. पण तो हात खाली येईना. तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली.

"रुंद कपाळ... डाव्या भुवईवर जुना वण... मिशी पांढरी, एका बाजूला जरा कमी. तो हसतोय... जनकाबाई, तो तुमच्याकडेच बघतोय..."

हात खाली आला. धम्मशीलानं डोळे गच्च मिटले. ते उघडले तेव्हा सून दिवा न्यायला परत आली होती.

खेळ संपल्यावर जनकाबाई लहान पोरीसारख्या रडत-हसत होत्या. "दिसला व माय! भुवईवरचा वण... बैलानं मारलं होतं त्याले. मी इसरलीच होती! आता नाही इसरत."

धम्मशीलाला इतका आनंद झाला की तिनं बिलकिसला मिठीच मारली. बिलकिस मात्र थंडगार पडली होती.

"बाई, मी घाबरून माइक बंद केला होता... तुमी म्हातारा म्हनलं ना, तवाच. सून परत येईपर्यंतचं काई खाली गेलंच नाई..."

"हाव, आवाज कुठी आला?" जनकाबाई सहज म्हणाल्या. "मले दिसलं. मंग तो वर तुह्या खोलीत गेला, तुह्या मांगं हुभा राह्यला. नाटक सरेपर्यंत तिथीच होता की."

पुढचा खेळ साखरखेर्ड्याला झाला. जनकाबाई तिथेही आल्या होत्या, पहिल्या रांगेत ताठ मानेनं बसल्या होत्या. वर धम्मशीलानं आपल्या मागे एक जास्तीची खुर्ची मांडली, माइक सुरू केला आणि समोर पाहत बोलू लागली. दुसऱ्या अंकात मागची खुर्ची करकरली.

तिनं वळून पाहिलं नाही.