दोन मीटर उंचीवरचं तापमान

नोएडातली मे महिन्यातली आंधी कुणालाही विचारून येत नाही, हवामानाचे अंदाज काढणाऱ्या संस्थेतल्या रेवतीलाही नाही. चार्टर्ड बसमधून उतरून ती ऑफिसच्या फाटकाकडे वळली, आणि आजूबाजूच्या अर्धवट इमारतींची सगळी वाळू उठून अंगावर आली. तिने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा डोक्यावर लांबलचक कॉम्प्युटर प्रिंटआउट धरलेला होता, आणि तो धरणाऱ्या तरुणाच्या भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या.

कागदाच्या समासात मराठीत टिपणं होती. तिला राहवलं नाही.

"हे नुसतं 'टेम्प' लिहिलंय... कुठलं तापमान? जमिनीचं, की दोन मीटरवरच्या हवेचं?"

"तापमान म्हणजे तापमान," तो हसला. "आंधीत सगळ्यांना असंच विचारता?"

"बिल्कुल."

तो यशोधन, पुण्याहून नुकताच अंदाजाच्या मॉडेलवर काम करायला आलेला. रेवती मात्र दिल्ली कँटोन्मेंटात वाढलेली, सुभेदारांची लेक. ढिसाळपणा तिच्या घराला ठाऊकच नव्हता. आणि ऑफिसात तर सगळा आनंदीआनंद: एकाच पावसाला तीन विभागांची तीन नावं, तीन एककं. जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हा अशा प्रत्येक मापाला एकच नेमकं नाव ठरवू लागले होते. वर्षभर रेवती त्याच रीतीने इथल्या साऱ्या माहितीला नावं देत होती. लोक तिच्या खोलीला 'नामकरण डिपार्टमेंट' म्हणत, आणि जूनअखेरच्या शनिवारच्या मीटिंगमध्ये ती नावं मंजूर झाली नाहीत तर खोलीला कुलूप लागणार होतं.

यशोधन रोज चहा घेऊन खाली येऊ लागला.

"आज कुणाचं बारसं?"

"आर्द्रतेचं. घुगऱ्या आणल्यात?"

"समोसा आहे. चालेल?"

"चालवून घेईन, यार... पण चटणी कुठाय?"

तो चटणी आणायला परत जिने चढे, आणि ती उगाचच ओढणी सारखी करी. तिला तो आवडला होता. तिने ते स्वतःशी केव्हाच मान्य केलं होतं.

मीटिंगच्या आदल्या दिवशी तिने त्याच्या फाइली नाव द्यायला उघडल्या. तो महिनाभर हैराण होता – मॉडेल दुपारी दिल्लीला पंधरा अंश जास्त तापवतं म्हणून त्याने मातीचे सगळे आकडे बदलून पाहिले होते. रेवतीने दोन्ही रकाने शेजारी लावून पाहिले आणि त्याला खाली बोलावलं.

"यशोधन... तुमचं 'टेम्प' तापलेल्या जमिनीचं आहे. तुम्ही ते ताडून पाहताय हवेच्या तापमानाशी. मॉडेल चुकलेलंच नाही."

"म्हणजे महिना पाण्यात," तो पुटपुटला. नव्या नोकरीतली पहिलीच कामगिरी होती ती.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली.

शनिवारी डायरेक्टर खुरानांनी चष्मा काढून विचारलं, "अच्छा, लेकिन इसके बिना भी काम चल तो रहा है ना?"

उत्तर रेवतीच्या ओठांवर होतं. तिने ओठ मिटून घेतले.

"नहीं सर, नहीं चल रहा," मागून यशोधन उभा राहिला. मग त्याने सगळ्यांसमोर, काहीही न लपवता, आपली चूक सांगितली. "मॅडम के नाम होते तो मैं यह ग़लती कर ही नहीं पाता."

कुणीतरी फिसकन हसलं. खुराना हसले नाहीत. त्यांनी सही केली.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "का बोललात? मी गप्प होते ना?"

"म्हणूनच. तुमचं वर्षभराचं काम माझ्यासाठी बुडवायला निघाला होतात." तो कठड्याकडे पाहत राहिला. "आणि... मला तुम्ही फार आवडता, रेवती."

तिची मान ताठ झाली. नावं मंजूर झाली म्हणून थोडी, या माणसाच्या अभिमानाने जास्त.

"रविवारी जेवायला येशील? कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये."

तो 'येशील'वर अडखळला, मग दचकला. "तिथे? अगं, अर्धी मराठी दिल्ली असते तिथे रविवारी. एका टेबलावर दिसलो तर ताट संपायच्या आत तुझ्या बाबांना फोन जाईल."

"माहीत आहे," रेवती म्हणाली. "मधलं टेबल घेऊ."