पाठ भरून येईपर्यंत

दार उघडलं, तर समोर एक उंच माणूस. अंगभर गवताचा भुसा, आणि टोपी छातीशी धरलेली... आमच्या टेनेसीत रस्त्यानं प्रेतयात्रा चालली की धरतात ना, अगदी तशी.

"मॅम, कासवांच्या बाई तुम्हीच ना?"

"मी ओडेसा. मॅम माझी आई, ती चर्चला गेलीय."

तो हसला नाही. त्यानं टोपी पुढे केली. आत कासवाची मादी होती, डबा-कासवाची. आमच्या डोंगरातली ही कासवं भ्यायली की डब्यासारखी घट्ट मिटतात. हिला तर नीट मिटताही येत नव्हतं. यंत्राच्या पात्यानं तिच्या पाठीला आडवी भेग पाडली होती आणि कडेचा एक तुकडा लोंबत होता.

"कुरणात गवत कापत होतो. दिसलीच नाही हो..." त्याचा आवाज चिरकला. "गाडीत डिंक आहे माझ्या, चांगला जाड. लावून टाकू का?"

आमच्याकडे मोडलेल्या प्रत्येक गोष्टीवर हेच एक औषध! "खबरदार! आत घाण राहिली आणि वरून बुजवलं, तर वरून चकचकीत नि आतून सडकं. कुरण कडेकडेनं आत कापत गेलात ना?"

"सगळे तसंच कापतात."

"म्हणूनच! बिचारी जनावरं आत आत सरकतात आणि शेवटी मधोमध सापडतात. मधून बाहेर कापलंत, तर त्यांना पळायला वाट राहते."

मी चांगलीच तापले होते. पण नजर जात होती ती त्याच्या हातांकडे. एवढा धिप्पाड गडी, आणि मूठभर कासवाला धक्का लागू नये म्हणून टोपी दोन्ही हातांनी तोलून धरलेली.

"कुठं सापडली?"

"सांगितलं ना, कुरणात."

"कुरणात कुठं? नेमकं सांगा."

त्यानं डोळे मिटून आठवलं. "ओढ्याच्या अंगाला. जुनं तुतीचं झाड आहे, त्याच्या जरा खाली. पण... का?"

मी त्याला मागच्या अंगणात नेलं. तिथं कुंपणाच्या आत बिशप राहतो, माझं स्वतःचं डबा-कासव. मी लहान असताना वडिलांनी प्रवासात कुठल्याशा रस्त्यावरून त्याला उचललं आणि माझ्यासाठी घरी आणलं. कुठला रस्ता, ते त्यांना कधीच आठवलं नाही. बिशपला खायला-प्यायला काही कमी नाही. तरी रोज सकाळी तो उत्तरेच्या कुंपणाशी जातो आणि कडेकडेनं चालत राहतो. चालून चालून तिथं पायवाट पडलीय.

"ह्यांची जागा एकदा ठरली की जन्मभर तीच," मी म्हटलं. "दुसरीकडे नेऊन सोडलं, तर शोधत फिरतात... पुष्कळदा शोधता शोधताच मरतात. बिशपची जागा ठाऊक असती, तर त्याला मी कधीच घरी पोचवला असता."

तो कुंपणाला टेकून बराच वेळ बिशपकडे बघत राहिला. त्याचं नाव एमिट कॅगल.

मी ज्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे काम करते, त्यांनी जखम धुतली, सुया टोचल्या, भेगेच्या दोन्ही बाजूंना बारीक हूक चिकटवून तारेनं पाठ जुळवली. पुढचं काम माझं आणि वेळेचं. मलमपट्टी, ऊब, आणि सबुरी.

दर रविवारी एमिट हजर. कधी अळंबी घेऊन, कधी गांडुळं, कधी स्ट्रॉबेऱ्या.

"मिस हेझलची तब्येत कशी आहे?"

"पेशंटांना मी नाव देत नाही. लळा लागतो."

"मग उशीर झाला," तो म्हणाला. बघत मात्र होता माझ्याकडे.

आईला सगळं दिसत होतं. "कासव एक, आणि स्ट्रॉबेऱ्या दोन टोपल्या," ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "हिशेब काही जुळत नाही बाई!"

हळूहळू त्याची गोष्ट कळली. शेत त्याच्या काकांचं, ते नुकतेच वारले होते. हा इथंच वाढलेला, पण किती वर्षं दूर उत्तरेला, सिनसिनाटी शहरात नोकरीला. शेवटचं गवत कापायचं, शेत विकायचं आणि परत जायचं, असा बेत. गिऱ्हाईकही तयार होतं. त्याला ह्या शेतात पर्यटकांसाठी लाकडी घरं बांधायची होती.

"मग विक्री कधी?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"मिस हेझल दवाखान्यात असताना तिचं घर विकणं बरं दिसत नाही. ती बरी झाली की बघू."

मी हसले. आणि मग लक्षात आलं. पाठ भरून आली, की हा जाणार!

तिथून पुढे माझी पंचाईतच झाली. दिवसभर त्या भेगेला मलम लावायचं, आणि मनात म्हणायचं... इतकी घाई नको गं करूस! हिवाळ्यात हेझल दिव्याच्या उबेत बसायची, एमिट बाजूला माझ्या जुन्या खुर्चीत. बोलणं फारसं नसायचं. बाहेर पडताना तो दारात जरा रेंगाळायचा, मफलर दोनदा गुंडाळायचा. 'थांब' हा शब्द माझ्या ओठांवर यायचा आणि मी तो गिळायचे. कुणाला कुंपणात ठेवायचं नाही, हे मी बिशपकडे बघून फार पूर्वी ठरवलं होतं.

वसंतात हूक काढले. आतून नवं हाड भरून आलं होतं. आणखी महिनाभर ठेवते म्हटलं असतं, तर कुणाला कळलं असतं? पण बाहेर तुती लगडायला लागल्या होत्या, आणि हेझल पेटीचा कोपरा खरवडत होती. मी फोन उचलला.

"झाली बरी."

"इतक्यात?"

"वर्ष होत आलं, एमिट."

पाऊस पडून गेल्यावर, ओल्या सकाळी आम्ही तिला घेऊन गेलो. तुतीच्या झाडाखाली गळालेली फळं पसरली होती. एमिटनं तिला त्याच टोपीतून अलगद खाली ठेवलं. हेझल मिटून बसली. मग झाकण किलकिलं झालं, डोकं बाहेर आलं... एक तुती खाल्ली, तोंड जांभळं केलं, आणि ओढ्याकडे चालू लागली. एकदाही थांबली नाही, इकडे-तिकडे शोधलंही नाही. तिला सगळं ठाऊक होतं.

माझे डोळे भरून आले. तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीच.

"सिनसिनाटीत," एमिट हळूच म्हणाला, "मी रोज संध्याकाळी नदीवरच्या पुलापर्यंत चालत जायचो. पलीकडे दक्षिणेला, आपल्या डोंगरांच्या दिशेनं बघायचो नि परत यायचो. रोज तोच रस्ता. का, ते कळायचंच नाही. तुझा बिशप बघितला आणि कळलं."

"मग..." आता नाही बोलले, तर कधीच नाही. "मग थांब ना! हेझलसाठी नाही. माझ्यासाठी थांब, एमिट."

तो हसला. वर्षभरात एवढं मोकळं हसताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

"त्या गिऱ्हाइकाला मी नाताळातच नाही म्हणून सांगितलंय."

"नाताळात?" मी त्याच्या दंडावर एक ठेवून दिली. "आणि मी इकडे हिवाळाभर जीव टांगून बसले होते! सांगायला तोंड नव्हतं?"

"तूच म्हणालीस ना, घाईनं वरून बुजवायचं नाही? तुझं मन आतून भरून यायची वाट बघत होतो."

मी त्याच्या सदऱ्यात तोंड लपवलं.

"यंदा गवत मधून बाहेर कापणार आहे," तो माझ्या केसांत पुटपुटला. "गावातले हसतील, हसू देत. फक्त... ट्रॅक्टरच्या पुढे चालत गवतात बघणारं कुणीतरी हवं. दरवर्षी."

"कामावर ठेवतोयस, की मागणी घालतोयस?"

"मागणी," तो म्हणाला, आणि टोपी पुन्हा छातीशी धरली, पहिल्या दिवसासारखीच.

मी ती टोपी त्याच्या हातातून काढून घेतली आणि माझ्या डोक्यावर घातली. "चल, मग आधी कुरणाचा मध्य दाखव. कुठून सुरुवात करायची, ते मी सांगते."