लांबलचक नावाची फाइल

१९९३ साली ठाण्याच्या खाडीकाठच्या मच्छीमार सोसायटीत एकच कॉम्प्युटर होता आणि त्याला रोज हार घातला जाई. हार घालणाऱ्यांना तो कसा चालतो हे मात्र ठाऊक नव्हतं. सोमवारी त्यातली सभासदांची सगळी यादी पुसली गेली. चेअरमन दामाजींनी ठाकुर्लीला फोन केला. तिथे हरिहर कॉम्प्युटरचा क्लास चालवत.

ते पोचले तेव्हा ऑपरेटर शेवंतीसमोर राजीनाम्याचा कागद ठेवलेला होता. तिच्या घरात कमावती ती एकटीच. कमिटीसमोर तिला निष्काळजी ठरवून झालं होतं, आणि दामाजींनी उद्यापासून तिच्या जागी शिवरामच्या मेहुणीला बोलावलंही होतं. शिवराम म्हणजे कॉम्प्युटर पुरवणारा; तोही तिथेच बसला होता. त्याचं तक्रारपत्र टेबलावर होतं. वर ‘श्री वाघजाई प्रसन्न’, खाली शेवंतीवर आरोप.

“काय केलंस तू?” हरिहरांनी तिला विचारलं.

“शिवराम सरांकडून नवीन फॉर्मची फ्लॉपी आलेली. फाइल दाबून बारीक केलेली होती. ती खोलायला गेले आणि मशीन थिजलं.”

“फ्लॉपी कोणी लिहिली?” त्यांनी शिवरामकडे पाहिलं.

“ऑफिसात कोणीतरी लिहिली असेल. मी बघितली पण नाही.”

“हिने नंतर फाइलमध्ये काही बदललं असेल?”

“ही?” शिवराम हसला. “हिला धड टायपिंग येत नाही.”

हरिहरांनी ती फाइल उघडली नाही. फ्लॉपी घेऊन ते बाजूच्या खोलीत गेले आणि सोबत आणलेल्या लॅपटॉपवर तिच्यातली अक्षरं जशीच्या तशी वाचली. पाच मिनिटांत ते परतले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ किळस होती.

“या मशीनवर फाइलचं नाव आठ अक्षरांचं, आणि टिंबापुढे तीन. ही दाबलेली फाइल म्हणजे बऱ्याच फाइलींचा एक गठ्ठा, आणि त्यातल्या एकीचं नाव तीनशे अक्षरांचं आहे. असं नाव आपोआप पडत नाही, मुद्दाम घडवावं लागतं. गठ्ठा सोडणारा प्रोग्राम नावासाठी मेमरीत ठरावीक जागा ठेवतो आणि नाव केवढं आहे हे बघतच नाही. मापट्यात पायली ओतली की उरलेलं बाहेर सांडणारच. इथे ते प्रोग्रामच्या हुकमांवर सांडलं. सांडलेल्या भागात लिहिलं होतं, डिस्क पूस. मशीनने पुसली.”

“मग हे केलं कोणी?” दामाजींनी विचारलं.

“हिला जमणार नाही, हे शिवरामच सांगतो. शिवाय मापटं, म्हणजे नावाची ती जागा, भरायला काहीतरी लिहावं लागतं. या मूर्खाने सवयीने इंग्रजी अक्षरांत ‘श्री वाघजाई प्रसन्न’ लिहिलं, एकामागून एक बारा वेळा. तेच त्याच्या पत्रावर आहे. मेहुणीला इथे नोकरीला चिकटवायला एवढा खटाटोप. यादीची कॉपी याच्याकडे असणार. उद्या मेहुणीच्या हातून ती सापडायची होती.”

शिवरामने पत्र उचलायला हात पुढे केला. शेवंतीने ते आधीच स्वतःकडे ओढलं होतं.

दामाजींनी खाकरून तिला उद्यापासून कामावर यायला सांगितलं.

“येईन,” ती म्हणाली. “पण कमिटीसमोर मला बोललात ना? मग आधी कमिटी बोलवा.”

दामाजींनी मुकाट्याने फोन उचलला.