जावळाचं पान

भाविकाला चिकट हातांची किळस होती आणि धंदा तिने निवडला होता तो डिंकाचा. यावरून तिचा नवरा प्रणित तिची मनसोक्त चेष्टा करायचा. एक फूल चिकटवलं की बाई उठून हात धुणार, दुसरं चिकटवलं की पुन्हा उठणार. पण तिचं काम हातात घेतलं की चेष्टा करणारेही गप्प होत. रोडपालीच्या दोन खोल्यांच्या घरात, जेवायच्या टेबलावर बसून ती लोकांच्या आठवणींची स्क्रॅपबुकं बनवायची. बारशाची, लग्नाची, कुणाच्या साठीची. जाड कार्डशीट, कडेला कातरलेली नक्षी, कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली फुलं आणि जागोजागी छोटी पाकिटं, ज्यांत एखादी चिठ्ठी किंवा दवाखान्यातली मनगटाची पट्टी सरकवून ठेवता येते. न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रेलर दिवसभर धूळ उडवत, म्हणून काम करताना खिडक्या बंद. ओल्या पानावर धूळ बसली की संपलंच.

तिची खरी करामत होती खळीत. तिचे वडील जुन्या पनवेलात पुस्तकबांधणी करत, त्यांच्याकडून ती शिकली होती. बाजारच्या डिंकाने जाड कागद फुगतो. मैद्याची खळ मंद आचेवर शिजवली तर पान वर्षानुवर्षं सपाट राहतं. वडील कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. ते विष, आणि घरात पाच वर्षांची लेक प्रांजल, म्हणून भाविका ते घालत नसे. ताजी शिजवायची आणि दोन दिवसांत संपवायची. त्यानंतर खळ आंबते आणि त्या वासाने तिला मळमळायचं.

डिसेंबरात शशिकलाबाई आल्या. ओवे गावच्या. गावाच्या जमिनी गेल्या, भोवती टॉवर आले, तरी त्यांचं घर आपल्या जागी उभं होतं. साठीच्या बाई, हातभर सोन्याच्या बांगड्या. त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकणावर हात ठेवून बसल्या.

"आमच्या वेणूचा हाय सगला," त्या म्हणाल्या. "माझी नात. अकरा म्हयन्यांची व्हती. दोन वरसां झाली गेली त्याला."

भाविका उठली. तिने पाणी आणून दिलं.

डब्यात फोटो होते, एक पैंजण, एक टोपडं. आणि तळाला प्लॅस्टिकची एक पुडी.

"ते जावल. पान्यात सोडायचा असता, पन मना सोडवला नाय. पोरीच्या अंगाचा येवढाच रायलाय. ते पयल्या पानावर लाव, बाय. बाकी तुला कसा करायचा तसा कर."

"लावते मावशी," भाविका म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली.

पुडी तिने उघडली दुसऱ्या दिवशी, प्रांजल शाळेत गेल्यावर. डब्यात पूर्वी कधीतरी सुकट ठेवली असावी. तो वास केसांना होताच, पण त्याखाली दुसरा एक होता, बाळाने ओकलेल्या दुधाचा. दोन वर्षं पुडीत कोंडलेला. कुरळ्या केसांचा एक लगदा झाला होता, मुळाशी पिवळट खपल्या, आणि तो ओलसर होता. तेल असेल, असं तिने स्वतःला समजावलं. चिमट्याने उचलला तर एक बट सुटून तिच्या मनगटावर पडली आणि तिथेच चिकटून बसली. भाविका मोरीकडे धावली. सकाळचा चहा सगळा बाहेर पडला.

तिने तीनदा प्रयत्न केला, नाकाला ओढणी बांधूनसुद्धा. चौथ्यांदा तिने पुडीची गाठ मारली आणि ती ओल्या कचऱ्याच्या बादलीत, भाजीच्या देठांखाली, खुपसून टाकली. साडेदहाला गाडी आली आणि घेऊन गेली.

मग अर्थात तिला लाज वाटली. पण वाटून उपयोग काय? केस म्हणजे केस, तिने मनाला सांगितलं, आजीला दिसायला हवेत तेवढे दिसले म्हणजे झालं. संध्याकाळी प्रांजलला मांडीत घेऊन तिने तिची एक बट मागून कापली. मऊ, काळी, सरळ. पहिल्या पानावर दोन बाय तीन इंचांचं पाकीट केलं, वर जाळीदार कागदाची चौकट लावली. बट हलू नये म्हणून मुळाकडून खळीने घट्ट चिकटवली. सुरेख दिसली. इतकी की तिने त्याचा फोटोही काढला.

आठवड्याने शशिकलाबाई येऊन पुस्तक घेऊन गेल्या. पहिलं पान त्यांनी बराच वेळ पाहिलं, बटेवरून बोट फिरवलं. डोळे पुसले आणि निघाल्या.

त्यानंतर चारपाच दिवसांनी प्रांजलच्या डोक्याला वास येऊ लागला. आंबट. भाविकाने न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केस पुन्हा चिपचिपीत. हाताला लागलं ते तेल नव्हतं. पांढरट, ताणलं की तार सुटणारं. आयुष्यभर खळ शिजवणाऱ्या बाईला ते ओळखायला वेळ लागला नाही. फक्त मान्य करायला लागला. डॉक्टरांनी कोंडा म्हटलं आणि औषधी शाम्पू दिला.

"खेळताना काहीतरी लावून घेत असेल," प्रणित म्हणाला. "तुझी खळ असते ना टेबलावर."

"गेले दहा दिवस मी खळ शिजवलेली नाही."

शाम्पूने काही झालं नाही. पोर मलूल होत चालली. शाळेतून आली की बसल्या जागी पेंगायची, ताटातलं तसंच राहायचं. आणि आपल्या पोटच्या पोरीला जवळ घेताना भाविकाला उमासे येत. तिला याचीच सगळ्यात जास्त चीड आली. ती तोंडाने श्वास घेऊन प्रांजलला कुशीत घ्यायची आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या द्यायची.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात पीठ मळत होती. बाहेरून प्रांजलचा रडवेला आवाज आला.

"आई, हळू विंचर ना!"

भाविका पिठाच्या हातांनी बाहेर आली. प्रांजल सोफ्यावर एकटीच बसली होती. मान एका बाजूला ओढली गेल्यासारखी, डोळे गच्च मिटलेले.

त्याच संध्याकाळी शशिकलाबाईंनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पहिलं पान. जाळीच्या चौकटीतून बट बाहेर आली होती, पानाच्या कडेखाली लोंबत होती. तिची वेणी घातलेली होती, टोकाला लाल रिबीन. खाली लिहिलं होतं: वाढले बघ.

भाविकाने आपण काढलेला फोटो शोधला. त्यातली बट तिच्या करंगळीएवढी होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. प्रणितला सुट्टी होती, त्याच्याजवळ प्रांजलला ठेवून ती निघाली. एका ताईंचं पुस्तक दुरुस्त करायचंय, एवढंच सांगितलं. रिक्षा ओवे गावात शिरली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. कुणाच्या तरी घरी मासळी तळत होते, शाळेतली पोरं सायकलवरून घरी चालली होती. इतक्या साध्या दुपारी आपण काय मागायला चाललोय, हे तिचं तिलाच पटेना.

शशिकलाबाई ओटीवर बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक उघडं, शेजारी खोबरेल तेलाची वाटी, हातात फणी. त्या केस विंचरत होत्या.

"ये बाय," त्या म्हणाल्या. "बस."

भाविका बसली नाही. "मावशी, माझी चूक झाली. ते केस वेणूचे नाहीत."

"मना ठाव हाय. वेणूचे कुरले व्हते. हे सरल हायती. मी पयल्याच दिशी वलखला."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी फणीत अडकलेला एक केस काढला, बोटाभोवती गुंडाळला आणि जपून पदराच्या टोकाला बांधला.

"काय बोलायचा? तू दिलास, मी घेतला." मग विचारलं, "तिचे कुठं टाकलेस?"

भाविकाने सांगितलं. कचऱ्याची गाडीही सांगितली. बाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी मान डोलावली, जणू बाजारातला भाव ऐकला.

"माझी मुलगी आजारी आहे," भाविका म्हणाली. तिने हात जोडले. "मला ते परत द्या. मी पाया पडते."

"मी कुठं नाय म्हनते? घे ना."

बाईंनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. पानाला ऊब होती. ज्या खळीला वाळून तीन आठवडे व्हायला हवे होते ती ओली होती, बोटं टेकताच बुळबुळली, आणि तो आंबट वास, तिच्या घरातला, प्रांजलच्या उशीवरचा वास, थेट तोंडात आला. भाविकाने ओकारी गिळली. जाळीची चौकट फाडून काढली.

केस चिकटलेले नव्हते. ते कागदातून आलेले होते. प्रत्येकाभोवती एक बारीकसं छिद्र, छिद्राची कड किंचित उचललेली, गुलाबी.

तिला फक्त ते तिथून नाहीसं व्हायला हवं होतं. मुळासकट. एकही मागे राहता कामा नये. तिने वेणी मुठीत धरली.

"वढू नको," शशिकलाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "बाय, कापून घे! तुज्याकडं कातर असंल ना?"

कातर पर्समध्ये होती.

भाविकाने ओढलं.

पान ताणलं गेलं, वर आलं, मग एकदम सुटलं. मुठीत केसांचा झुपका होता, टोकांना पांढरे कोंब. कागदावरच्या छिद्रांतून थेंब थेंब काहीतरी वर आलं. तिने ते खळ आहे असं ठरवलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

शशिकलाबाईंनी पुस्तक मिटलं. त्या रडत होत्या. कुणासाठी, ते भाविकाने विचारलं नाही.

घरी पोचली तेव्हा दार प्रणितनेच उघडलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"दुपारी एकदम किंचाळली. पाऊणच्या सुमाराला. मी धावत गेलो तर... मग शांत झोपली. ताप नाही, काही नाही. तू बघ."

प्रांजल कुशीवर झोपली होती. श्वास संथ. गालांवर कितीतरी दिवसांनी रंग होता. केसांना वास नव्हता, ते कोरडे आणि मऊ होते. भाविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उशीजवळ बसली आणि तिने मागचे केस हलकेच बाजूला केले.

तिथे केस नव्हते. चौकोनी जागा होती, नीट चार कोपऱ्यांची. रक्त नाही, जखम नाही.

ती कातडी नव्हती. पांढुरकी, थंड, बोटाखाली बारीक खरखर लागणारी. कार्डशीटची ती खरखर भाविकाला पाठ होती.

एक कोपरा सुटला होता. खालून ओल दिसत होती.

तिने तो अंगठ्याने दाबला. जोर न देता, बाहेरून आत, पानाखालची हवा काढतात तसा, आणि धरून ठेवला. प्रांजल झोपेत हसली. प्रणित दारातून काहीतरी विचारत होता.

अंगठा काढला की कोपरा पुन्हा वर येत होता.