सातव्या होलची हळद

पाहुणा येणार म्हणून क्षितिजा सकाळीच अंबाडीच्या नाक्यावर जाऊन आली. चहाचे कागदी कप, दोन प्रकारची बिस्किटं, लिंबं आणि हात पुसायला पांढरे टॉवेल. दुकानदाराने पिशवी भरता भरता विचारलं, "काय ताई, कार्यक्रम हाय का घरी?"

"कार्यक्रमच समजा," ती म्हणाली.

तिचं गोल्फचं मैदान दिघाशीच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत होतं. भिवंडीत गोल्फ म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, म्हणजे नवीन गोडाऊनचं नाव का? त्यांचंही बरोबर आहे. नजर जाईल तिथे निळे पत्रे आणि कंटेनर, त्यात मधेच हा हिरवागार तुकडा म्हणजे कुणीतरी गंमत केल्यासारखाच दिसतो. गंमत केली होती तिच्या वडिलांनी. चांगदेव पाटील, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी, बोलणं गावठी आणि हौस राजाची. साठीच्या उंबरठ्यावर ते गोव्याला गेले, तिथे गोल्फ बघितला आणि घरी येऊन म्हणाले, "येवढी जमीन एका चेंडूसाठी? आपल्याकडं पन हाय की जमीन." भाताच्या खाचरांवर त्यांनी नऊ होलचं मैदान उभं केलं आणि ते सगळ्यांना खुलं ठेवलं. सभासदत्व नाही, ओळखपाळख नाही. या, पावती फाडा, खेळा. गाव पोट धरून हसलं. वडील गेले तेव्हा मैदान क्षितिजाच्या गळ्यात पडलं, आणि तिचा त्याच्यावर असा जीव जडला की लग्नाचा विषयही मागे पडला.

धाकट्या भावाला, भाविकला, तिथे गोडाऊन हवं होतं. पोरगा वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. भांडून भांडून शेवटी दोघांचं एका गोष्टीवर जमलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या बघण्याजोग्या सार्वजनिक गोल्फ मैदानांचं एक पुस्तक निघणार होतं. ते लिहिणारा मितेश गुजरातच्या किनाऱ्यापासून गोव्यापर्यंत एकेक मैदान खेळून बघत होता. त्याच्या पुस्तकात आपलं नाव आलं तर मैदान राहील. नाही आलं तर निळे पत्रे.

म्हणून आदल्या दिवशी तिने आईला सांगितलं, "आई, दोन दिवस तांदूळ नको टाकूस."

कमळाबाईंचा हा रोजचा नेम होता. दिवे लागायच्या आधी झेंडे काढून झाले की पदरात तांदूळ घेऊन त्या मैदानभर फिरायच्या आणि प्रत्येक होलात मूठभर टाकायच्या. लग्नाच्या मांडवाची मेढ, म्हणजे मधला खांब, उपटली की त्या खड्ड्यात तांदूळ टाकून तो लगेच बुजवायचा, उघडा ठेवायचा नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज होता. आई तो गोल्फलाही लावते, याचं क्षितिजाला हसू यायचं. सकाळी ती स्वतः ब्रशने होल साफ करायची. पण गेल्या महिन्यात कुणा खेळाडूने होलातल्या तांदळाचा फोटो टाकून खाली लिहिलं, इथे करणी करतात. तेव्हापासून तिचं हसू आटलं होतं.

आईने पदरातले तांदूळ परत डब्यात ओतले.

मितेश दुपार कलल्यावर आला. तिशी ओलांडलेला, सडपातळ, बोलायला गोड. समुद्र किती लांब आहे, हे त्याने पहिल्यांदा विचारलं. क्षितिजा म्हणाली, "दिसत नाही, पण संध्याकाळी वारा त्याचाच येतो." तो हसला. मग दोघं चालत खेळायला निघाले. ती सोबत होती, खेळत तोच होता. कुठल्या मैदानावर खारं पाणी मुळांत शिरून गवत पिवळं पडतं, कुठे माकडं चेंडू पळवतात, हे तो सांगत होता आणि मधूनच थांबून गवतावर तळवा फिरवून बघत होता. सहा होल छान पार पडले. तिला वाटायला लागलं, जमतंय.

सातवा होल मैदानाच्या टोकाला, बांबूच्या बेटाजवळ. तिथे पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. झेंड्याभोवतीचं गवत दबू नये म्हणून होलाची जागा दर थोड्या दिवसांनी बदलावी लागते. जुनं भोक मातीच्या गड्ड्याने बुजवायचं आणि थोडं सरकून नवं पाडायचं. सातव्याचं भोक तिने कालच नवं पाडलं होतं, बांबूंच्या बाजूला.

मितेशने चेंडू हलकेच ढकलला. तो घरंगळत गेला, कडेला क्षणभर थांबला आणि आत पडला. होलात प्लास्टिकचा कप असतो, त्यात चेंडू पडला की टक् असा आवाज येतो. खेळणाऱ्याला तो आवाज फार प्रिय असतो.

आवाज आला नाही.

वारा पडला होता. बांबूची पानंसुद्धा हलत नव्हती. मितेश वाकला, होलात हात घातला आणि सहज, दुकानात सुट्टे परत घेताना म्हणावं तसं म्हणाला, "थँक्यू."

मग तोच दचकला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत चेंडू होता. त्याने तो उलटसुलट करून बघितला. पांढऱ्या चेंडूवर अंगठ्याचा पिवळा ठसा होता, ओला.

"हे... भारी आहे," तो म्हणाला. "चेंडू हातात देतं. खाली काही बसवलंय का?"

क्षितिजाच्या नाकात वास शिरला. ओल्या हळदीचा. आगरी घरात वाढलेल्या बाईला हा वास कुठेही ओळखू येतो. हळदीच्या रात्री सगळं अंगण त्याने भरून जातं. आजूबाजूला मात्र लग्न नव्हतं, बेंजोचा बँड नव्हता, काही नव्हतं.

तिने गुडघ्यावर बसून होलात हात घातला. कपाचा तळ होता तिथेच होता. गार आणि कोरडा.

"सांगा ना, कशी केलीत ही सोय?"

इथे ती खरं बोलू शकत होती. मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे निळे पत्रे आले.

"ते आमचं गुपित आहे," ती हसून म्हणाली.

उरलेले दोन होल मितेश एखाद्या पट्टीच्या खेळाडूसारखा खेळला. निघताना त्याने नव्या टॉवेलला हात पुसले. टॉवेल पांढराच राहिला आणि त्याचा तळवा पिवळाच.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. सांगताना आवाज हलका ठेवला होता, म्हणजे आई हसेल. कमळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला.

"त्याचं लगीन झालंय का, गो?"

"मला काय माहीत? का?"

"तिथं आपलं खळं व्हतं. तुझ्या गुणीआत्याचा मांडव तिथंच घातलेला. हळद लागली आन् त्याच राती तिला पान लागलं." पान लागलं म्हणजे साप चावला. आईच्या पिढीतल्या बायका सापाचं नाव घेत नाहीत. "पोर गेली. रडारडीत मांडव कुनी सोडला, मेढ कुनी उपटली, कुनाला ठावं न्हाय. खड्डा तसाच ऱ्हायला. तवापासून तुझी आजी तिथं तांदूळ टाकायची. तिच्यामागं मी."

"मग नऊच्या नऊ होलांत कशाला टाकतेस?"

"तू ती भोकं हिकडची तिकडं सरकवतेस. ती कुठून हात काढंल, मना काय म्हाईत?" कमळाबाईंनी तांदळाचा डबा पुढे ओढला. "आता कळलं, सातव्यातूनच."

त्या दिवसापासून पदरातले सगळे तांदूळ सातव्या होलात पडू लागले. बाकीच्या होलांत टाकायची गरज उरली नाही, असं आईला वाटलं. क्षितिजालाही ते सोयीचंच होतं, साफसफाई कमी. सातवा होल तिने खेळायला बंद केला आणि दुरुस्ती चालू असल्याची पाटी लावली.

पुस्तक निघालं. त्यात दिघाशीचं मैदान होतं, चांगली दोन पानं. सातव्या होलाबद्दल मितेशने लिहिलं होतं की असा होल सबंध किनाऱ्यावर दुसरा नाही. भाविक पेढे घेऊन आला. "ताई, जिंकलीस गो," तो म्हणाला आणि त्याने गोडाऊनवाल्यांना तिच्यासमोरच फोन करून नकार कळवला. क्षितिजाला रडू आलं. वडिलांच्या फोटोपुढे पेढा ठेवताना तिला खरोखर सुखी वाटलं. तरी रात्री झोप लागेना. त्या माणसाला आपण फसवलं, हे काही केल्या मनातून जाईना.

सकाळी तिने त्याला फोन लावला.

"मितेश सर, मी तुमच्याशी खोटं बोलले. सातव्या होलात काहीही बसवलेलं नाही. तुम्ही... तुम्ही पुन्हा इकडे येऊ नका."



"माहीत आहे मला," तो शांतपणे म्हणाला. "काही बसवलेलं नव्हतं. हात होता. पिवळा रंग आता कोपरापर्यंत आलाय, जात नाही. मीही घासायचं सोडून दिलं." तो थोडा लाजल्यासारखा हसला. "घरी सांगून टाकलंय मी."

"काय सांगितलंत?"

"जमलं म्हणून. आईची आधी थोडी कुरकुर होती, भिवंडी म्हणजे लांब. आता तयार झाली. येतोच आहोत आम्ही आज."

क्षितिजा फोन तसाच टाकून धावत सुटली. भोक पाडायचं यंत्र, मातीचा गड्डा, पाण्याची बादली, जे हाताला लागलं ते घेऊन ती सातव्यावर पोचली. होल बुजवायचा, कायमचा. आधी आतला कप काढायला हवा होता. कालचे तांदूळ त्यातच असणार, म्हणून तिने हात घातला.

कप रिकामा होता. ती हात मागे घेणार तोच उघड्या तळव्यावर कुणीतरी मूठभर काहीतरी ओतलं. हळूच, सांडू नये अशा बेताने.

तिने हात वर काढला. तांदूळच होते. पण पिवळे, हळदीत घोळलेले. लग्नात पाहुण्यांच्या हातावर ठेवतात, तशा अक्षता.

डाव्या मुठीत अक्षता तशाच धरून तिने एका हाताने कप उपसला, गड्डा बसवला, वर पाणी ओतलं आणि पायाने तुडवून तुडवून ती जागा सपाट केली. होल दिसेनासा झाला. ऊन चांगलं चढलं होतं, रस्त्यावरून कंटेनर जात होते. तिचा जीव भांड्यात पडला.

"ताईऽऽ," घराकडून भाविकची हाक आली. "मितेश सर आलेत, घरच्यांना घेऊन! तू न्हाईस म्हणून ते पुढं गेले, नवव्यावर!"

नववा होल घराच्या अगदी समोर होता. क्षितिजाने मान वळवली. झेंड्याजवळ मितेश गुडघा टेकून बसला होता, शर्टाची बाही दुमडलेली. त्याने होलात हात घातला, खांद्यापर्यंत. वीतभर खोल कपात खांद्यापर्यंत हात जात नाही.

मग त्याने दुसरा हात गुडघ्यावर दाबला, पाय रोवले आणि विहिरीतून वर येणाऱ्याला आधार द्यावा तसा जपून जपून ओढू लागला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घडी केलेला हिरवा शालू दोन्ही हातांवर घेऊन ती पुढे सरकली.